सगळ्या बॅटऱ्या आतून सारख्याच असतात म्हणे!

"अरे, आतले सेल सगळे एकाच कारखान्यातून येतात. वरचं स्टिकर तेवढं वेगळं, त्याचेच चार हजार जास्त घेतात."

कॅमेरा बाळगणारे चार जण एकत्र आले आणि बॅटरीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. त्याच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ येतो: "मी पाच वर्षं वापरतोय, काऽऽही होत नाही." ही दोन वाक्यं मी ट्रेकवर ऐकली आहेत, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकली आहेत, तापकीर गल्लीत दुकानदाराच्या तोंडून ऐकली आहेत. बोलणारे सगळे शहाणे लोक. त्यातले निम्मे तर इंजिनिअर, म्हणजे ज्यांना सिरीज आणि पॅरलल यातला फरक शिकवायला सरकारने चार वर्षं घालवली आहेत.

आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, तेव्हा या दोन वाक्यांचा एकदा नीट समाचार घेतोच. आणि मंडळी, आधीच सांगून ठेवतो, कॅमेरा कंपन्यांची वकिली करायला मी बसलेलो नाही. त्यांचाही नंबर येणार आहे. जरा थांबा.

आधी आपण खिशात काय घेऊन फिरतो ते बघू. कॅननची एलपी-ई६एन घ्या, कारण ती माझ्याकडे आहे आणि अर्ध्या जगाकडे आहे. तिच्यावर लिहिलेलं असतं ७.२ व्होल्ट, १८६५ एमएएच, १४ वॉट-अवर. १४ वॉट-अवर म्हणजे साधारण पन्नास हजार जूल. पन्नास हजार जूल म्हणजे किती? दीडशे मिलीच्या आसपास पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल इतके. एक कप चहा. चहा करायला आपण गॅसवर पाच मिनिटं घेतो. तीच ऊर्जा काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या डब्यातून काही सेकंदांत बाहेर पडली तर काय होईल ते तुम्हीच ठरवा. आणि ही नुसती साठवलेली वीज झाली. आतला इलेक्ट्रोलाइट हा सेंद्रिय द्रावक असतो, तो स्वतः पेटतो. त्याची उष्णता वेगळी.

सेलच्या आत एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा कोबाल्टचं ऑक्साइड, आणि या दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा. पडदा म्हणजे तरी किती, तर केसापेक्षाही पातळ. हा सच्छिद्र पडदा आहे तोवर सगळं आलबेल. तो कुठे फाटला, वितळला, किंवा त्यातून धातूची एखादी सुई आरपार गेली की आतल्या आत शॉर्ट. मग गरम होतं, गरम झालं की रासायनिक क्रिया वेग घेते, त्यामुळे आणखी गरम होतं. वरून त्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटायला लागतो, म्हणजे आग विझवायला हवा तोडली तरी बाईसाहेबांची स्वतःची सोय असतेच. सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर एक्झिट कंडिशन नसलेलं रिकर्शन.

हे सगळं सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आणली तेव्हापासून माहीत आहे. म्हणूनच बॅटरी म्हणजे नुसता सेल नसतो. आत एक छोटीशी सर्किटची पट्टी असते. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की तोड, फार खाली गेलं की तोड, जास्त करंट ओढला की तोड, शॉर्ट झाला की तोड. आणि एक थर्मिस्टर, तापमान बघायला. चार्जरला जाणाऱ्या टर्मिनलांपैकी एकावर पुष्कळदा 'टी' लिहिलेलं असतं ना, तो तो.

आता खरी गंमत. आपल्या डीएसएलआर किंवा मिररलेसच्या मोठ्या बॅटरीत बहुधा दोन सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करायचा, म्हणजे दोघांचे मिळून ८.४. चार्जरला बाहेरून दिसतात फक्त हे ८.४. पण दोन सेल जुळे नसतील तर? एक जरा कमी क्षमतेचा असेल, तर तो आधी भरतो. चार्जर बिचारा बेरीज बघत बसलाय आणि आत एक सेल ४.३५ वर पोचलाय, दुसरा अजून ४.०५ वर आहे. बेरीज ८.४, पेपरात पूर्ण मार्क. ४.३५ वर गेलेल्या सेलमध्ये मात्र ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर लिथियम धातूच्या रूपात साचायला लागतं. ते ग्रॅफाइटच्या आत जायला हवं होतं, ते बाहेर जमतं, आणि त्याच्याच त्या सुया होतात. हे एका दिवसात होत नाही. प्रत्येक चार्जिंगला थोडं थोडं होतं. कमजोर सेल आणखी कमजोर होतो, म्हणून पुढच्या वेळी आणखी वर जातो.

यावर उपाय अवघड नाही. दोन सेल निवडताना मोजून सारखे घ्यायचे, आणि सर्किटने प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगवेगळं बघायचं. कुणी नोबेल मिळवावं असं त्यात काही नाही (लिथियम-आयनचं नोबेल २०१९ मध्ये देऊन झालं आहे). पण सेल मोजायला वेळ लागतो, न जुळलेले बाजूला काढावे लागतात, आणि त्या बाजूला काढलेल्या सेलांना कुणीतरी गिऱ्हाईक लागतंच. ते गिऱ्हाईक कोण असतं, ओळखा पाहू.

म्हणजे "सगळे सेल एकाच कारखान्यातून येतात" हे वाक्य कधीकधी खरंही असेल. देवगडची पेटी आणि त्याच बागेतला खाली पडून चेपलेला आंबा, दोन्ही एकाच झाडाचे. पेटीवर कुणाचं नाव आहे आणि चेपलेला कुणी उचलला, फरक तिथे आहे. शिवाय जुन्या बॅटऱ्यांमधून काढलेले सेल नवीन वेष्टनात विकले जातात, तो आणखी वेगळा धंदा.

मी हे नुसतं वाचून बोलत नाहीये. दोन महिन्यांपूर्वी मुद्दाम तपासण्यासाठी एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून दोन बॅटऱ्यांची जोडी मागवली. एलपी-ई६एनच्या आकाराची. जोडी आणि वर यूएसबीचा डबल चार्जर, सगळं मिळून तेराशे रुपये. ब्रँडचं नाव म्हणजे कुणीतरी कीबोर्डवर मूठ आपटल्यावर जी अक्षरं उमटतील ती. लेबलावर ठळक अक्षरात २६०० एमएएच.

इथेच थांबून जरा हिशेब करू. कॅननची मूळची एलपी-ई६ आली २००८ मध्ये, ५डी मार्क टू बरोबर, १८०० एमएएचची. त्याच आकाराची एलपी-ई६एनएच आली २०२० मध्ये आर५ बरोबर, २१३० एमएएचची. बारा वर्षांत त्याच डब्यात वाढ किती झाली? अठरा टक्के. त्यामागे सेल बनवणाऱ्यांची एवढी वर्षं गेली. आणि आमच्या या मूठ-आपटू कंपनीने त्याच डब्यात २६०० बसवले, तेही साडेसहाशे रुपयांत! एक तर यांना बोलावून पद्मश्री द्या, नाहीतर लेबलावर लिहिलेलं खोटं आहे हे मान्य करा.

खोटंच होतं. माझ्याकडे हॉबीवाले वापरतात तसला चार्जर आहे, तो ठरावीक करंटने डिस्चार्ज करून एमएएच मोजून देतो. अर्ध्या अँपिअरने मोजलं. पहिली ११८० भरली, दुसरी १२१०. माझी तीन वर्षं वापरलेली ओरिजिनल त्याच यंत्रावर त्याच पद्धतीने १७०० च्या वर गेली. म्हणजे लेबलाच्या निम्म्याहून कमी. पण क्षमतेचं खोटं एक वेळ चालवून घेऊ, फार तर फोटो कमी निघतील. मी त्यातली एक उघडली. (हे घरी करू नका. मी टेरेसवर, पूर्ण डिस्चार्ज करून, गॉगल लावून आणि आईला न सांगता केलं.)

आत सर्किट होतं, नाही असं नाही. पण दोन सेलांच्या मधल्या जोडाला, म्हणजे जिथून प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं कळणार तिथे, सर्किटकडे जाणारी तारच नव्हती. ते फक्त बेरीज बघत होतं. आणि टी टर्मिनलला थर्मिस्टरच्या जागी काय लावलं होतं? साधा रेझिस्टर. दहा किलोओहमचा, ठरावीक किमतीचा.

ज्यांना याचा अर्थ कळला त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. दहा किलोओहमचा थर्मिस्टर २५ अंशाला दहा किलोओहम दाखवतो, तापमान बदललं की तो बदलतो, त्यावरून चार्जर ओळखतो की बॅटरी तापली आहे किंवा गारठली आहे, चार्जिंग थांबवा. इथे साधा रेझिस्टर बसवल्यामुळे बॅटरी कायम एकच उत्तर देणार: २५ अंश. चंद्रपूरचा मे महिना असो, २५ अंश. लडाखच्या होमस्टेमध्ये पहाटे शून्याच्या खाली असो, २५ अंश. बॅटरी फुगून भाजायला लागली तरी २५ अंश. आपल्या गावच्या हवेचा एवढा अभिमान पुणेकरालाही नसतो! आणि लडाखचं उदाहरण मी उगाच नाही दिलं. शून्याच्या खाली चार्ज केलं की पुन्हा तेच, लिथियम आत जात नाही, वर साचतं. आपले किती मित्र दरवर्षी तिकडे जातात आणि रात्री बॅटऱ्या चार्जिंगला लावून रजईत शिरतात, मोजा.

मला राग कशाचा येतो ते सांगू? थर्मिस्टर मिळाला नाही म्हणून जागा रिकामी सोडली असती तर तो कंजूषपणा झाला असता. रेझिस्टर लावायचा म्हणजे कुणीतरी विचार केलाय. चार्जर तक्रार करणार हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने काही पैसे वाचवण्यासाठी चार्जरशी खोटं बोलणारा तुकडा जाणूनबुजून बसवला. आपल्या धंद्यात टेस्ट फेल होते म्हणून टेस्टमध्येच 'रिटर्न ट्रू' लिहिणारे महाभाग असतात, तसं. फक्त तिथे बिल्ड फुटतो, इथे बॅटरी.

मी हे सगळं, आकडे आणि फोटोंसकट, त्या दुकानात त्याच बॅटरीखाली अभिप्राय म्हणून लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्या धोरणात बसत नाही. मी पुन्हा लिहिलं, शब्द सौम्य करून. पुन्हा तेच. त्या बॅटरीला त्या दिवशी साडेचार हजारांवर अभिप्राय होते आणि सरासरी ४.३ तारे. मी पहिले पन्नास वाचले. जवळजवळ सगळे माल मिळाल्यापासून आठवड्याच्या आत लिहिलेले. "गुड प्रॉडक्ट, डिलिव्हरी फास्ट." अहो, डिलिव्हरी फास्ट हा कुरिअरवाल्याचा गुण आहे! बॅटरीचे दोष कळायला शे-दोनशे चार्जिंग जावी लागतात, आणि तोवर ते पान, तो विक्रेता, ते मूठ-आपटू नाव, सगळं गायब होऊन नव्या मुठीचं नाव आलेलं असतं.

बरं, आता दुसरी बाजू. "ओरिजिनल काय पेटत नाहीत का?"

पेटतात की! हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं त्याने आपल्याला धोबीपछाड मारली, पण खरं तर माझा सगळ्यात मोठा मुद्दा तोच आहे. २००६ मध्ये सोनीच्या सेलांमुळे डेलने एक्केचाळीस लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या, त्याच महिन्यात अॅपलने अठरा लाख. कारण काय, तर सेल बनवताना आत राहिलेले धातूचे सूक्ष्म कण. आणि सोनी म्हणजे ज्यांनी ही बॅटरी बाजारात आणली ते! २००७ मध्ये नोकियाची बीएल-५सी. ज्यांच्या घरी तेव्हा ११०० होता त्यांना ते दिवस आठवत असतील, सगळी गल्ली मोबाईलचं मागचं झाकण काढून नंबर वाचत बसली होती. माझ्या काकांनी तर चार दिवस मोबाईल खिशात न ठेवता कुंडीवर ठेवला होता. त्या बॅटऱ्या माट्सुशिताच्या कारखान्यातल्या, म्हणजे अस्सल जपानी. निकॉनने २००५ मध्ये ईएन-ईएल३ परत मागवल्या, डी७० आणि डी५० वाल्यांच्या. २०१२ मध्ये ईएन-ईएल१५ च्या काही. २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७, तो तर बदलून दिलेला फोनही पेटला.

मग फरक काय उरला? फरक हा की यातल्या प्रत्येक वेळी "परत मागवल्या" हे क्रियापद वापरता आलं. निकॉनने २०१२ मध्ये सांगितलं की लॉट नंबरमधलं नववं अक्षर ई किंवा एफ असेल तर बॅटरी बदलून घ्या. नववं अक्षर! म्हणजे कुठली बॅटरी कुठल्या खेपेत झाली याचा हिशेब कुणीतरी ठेवला होता, ती चुकली तर कुणाच्या दारात जायचं ते ठरलेलं होतं, आणि जगभर बदलून देण्याचा खर्च कुणाच्या तरी माथी येणार होता. माझ्या जोडीवर लॉट नंबर नाही. आयात करणाऱ्याचा पत्ता नाही. उद्या त्यांच्या एका खेपेत कण राहिले तर ते कळणार कुणाला, आणि कळलं तरी मला फोन कोण करणार? स्वस्त बॅटऱ्यांची कुणी परत मागणी केल्याचं आपण फारसं ऐकत नाही, ते त्या सुरक्षित आहेत म्हणून नव्हे. परत मागायला कुणी जागेवर नसतं म्हणून.

आता धाकट्या भावाकडे वळू. "पाच वर्षं, काही होत नाही."

नोकियाने त्या वेळी परत मागवल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या. तापल्याच्या तक्रारी होत्या साधारण शंभर. म्हणजे सुमारे साडेचार लाखांत एक. नीट बघा, ही खराब ठरलेल्या मालाची गोष्ट आहे, ज्याच्यासाठी एवढा जगभर गोंधळ झाला. तो खराब माल वापरणाऱ्या साडेचार लाख लोकांपैकी जवळजवळ सगळे म्हणू शकले असते की मी वापरतोय, काही होत नाही. आणि खरंच बोलले असते! तेव्हा तुमच्या तीन बॅटऱ्यांनी पाच वर्षं काढली यावरून त्या चांगल्या आहेत की वाईट, काहीच ठरत नाही. 'माझ्या मशीनवर चालतंय' याच्याइतकाच तो पुरावा. पुण्यात हेल्मेटच्या विरोधात हाच मुद्दा मांडला जातो, तोही तितक्याच आत्मविश्वासाने.

आणि धोका तुमच्या एकट्याचा नसतो. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू विमान लिथियम बॅटऱ्यांच्या आगीत पडलं, दोन्ही वैमानिक गेले. त्यानंतर नियम कडक होत गेले, २०१६ पासून प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्या नुसत्या माल म्हणून पाठवायला बंदी आहे. सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकू नका, केबिनमध्ये जवळ ठेवा, हे काउंटरवरची मुलगी सांगते ते यासाठी. पोटात पेटली तर कळणार नाही, मांडीवर पेटली तर निदान कुणीतरी ओरडेल.

विमानात निदान विचारतात तरी. मंगल कार्यालयात कोण विचारतं? गेल्या हिवाळ्यात एका चुलत बहिणीच्या लग्नात फोटोग्राफरने स्टेजच्या मागे एक्स्टेंशन बोर्ड टाकून सहा बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या होत्या. वर सिंथेटिक पडदा, बाजूला थर्माकोलचे खांब. मी जाऊन म्हटलं, "दादा, हे जरा लांब, फरशीवर घ्या ना." घेतलं त्यांनी लगेच, माणूस सज्जन होता. मग जेवताना भेटले. म्हणाले, "सर, तुम्ही आयटीवाले, तुम्हाला ओरिजिनल परवडते. आमचं साखरपुडा, हळद, लग्न, वर व्हिडिओ. सहा ओरिजिनल घ्यायच्या म्हणजे एक लेन्स गेली."

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि अजूनही पूर्ण नाही. कारण इथे कॅमेरा कंपन्यांचा नंबर येतो.

दोन सेल, एक सर्किट, एक प्लॅस्टिकचा डबा, यासाठी कित्येक हजार रुपये? त्यात आर अँड डी आहे, तपासणी आहे, सगळं मान्य. पण निम्मी किंमत ही "दुसरीकडे जाणार कुठे" याची आहे. प्रत्येक मॉडेलला वेगळा आकार, वेगळी खाच. २००० च्या दशकात कॅननचे ए सिरीजचे पॉवरशॉट साध्या एए सेलवर चालायचे. पेंटॅक्सचा के१००डी हा तर डीएसएलआर असून एएवर चालायचा. कुठल्याही गावात, किराणा दुकानात सेल मिळायचा. मग कॅमेरे बारीक करायचे म्हणून लिथियम आली, तेही ठीक, पण लिथियमचे ठरलेले आकार का नाही केले? टॉर्चवाल्यांना १८६५० जमतो, कॅमेऱ्यांनाच का नाही जमत? २००९ मध्ये पॅनासॉनिकने ल्युमिक्सच्या काही मॉडेलांसाठी फर्मवेअर काढलं, ते टाकलं की दुसऱ्यांच्या बॅटऱ्या चालेनाशा व्हायच्या. सुरक्षेसाठी, म्हणे. ती चिप बॅटरीचं आडनाव तपासते. आतला पडदा तपासत नाही, सेल जुळे आहेत का तेही नाही. आणि कंपनीने बॅटरी बनवणंच बंद केलं की मग? चांगला चालणारा दहा वर्षांचा कॅमेरा फेकायचा? त्या वेळी ज्यांच्यावर सुरक्षेच्या नावाने बोटं मोडली तेच परके कारखानदार कामाला येतात.

तेव्हा परक्या कंपनीची बॅटरी म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्याने, खरी क्षमता लिहून विकणाऱ्या आहेत, आणि त्या ओरिजिनलपेक्षा बऱ्याच स्वस्तही असतात. त्यांच्यात आणि मूठ-आपटूंमध्ये फरक करता आला पाहिजे. आणि कॅनन-निकॉनचं नाव छापून होलोग्रामसकट येणारी सरळ नकली, ती तर तिसरीच जात. ती सगळ्यात वाईट, कारण तिची सुरुवातच खोटेपणाने होते. अर्ध्या किमतीत 'ओरिजिनल' मिळतेय म्हणून खूश होणारे तिला बळी पडतात.

आपल्याकडे हा फरक करायचं एक साधन आहे आणि कुणी वापरत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलावर मानकाचा क्रमांक, आयएस १६०४६, आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर कुठल्या वस्तूसाठी आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम. माझ्या जोडीवर आर क्रमांक होता बरं का! अॅपमध्ये टाकला तर तो निघाला भलत्याच कंपनीचा, मोबाईलच्या चार्जरचा. मग माझा साधा प्रश्न आहे. जे मी दोन मिनिटांत तपासलं ते करोडोंची उलाढाल करणाऱ्या ऑनलाइन दुकानाला माल यादीत चढवतानाच का तपासता येत नाही? एक फील्ड आणि एक लुकअप. आमच्या टीममधली नवी मुलगी एका स्प्रिंटमध्ये करून देईल. होत नाही याचं एकच कारण मला दिसतं: तपासलं तर यादी लहान होईल.

त्या फोटोग्राफर दादांना मी अॅप दाखवलं. आम्ही तिथेच, हातात आइस्क्रीमची वाटी घेऊन, सहाही बॅटऱ्या बघितल्या. चारांवर क्रमांकच नव्हता. एकीचा चुकीचा निघाला. एकीचा बरोबर होता, आणि ती सहांमधली सगळ्यात महाग नव्हती. त्यांनी पुढच्या दोन त्याच नावाच्या घेतल्याचं नंतर कळवलं. बाकीच्या अजून वापरात आहेत. मुहूर्त चालू आहेत, म्हणाले.

तोवर निदान एवढं: झोपताना चार्जिंगला लावू नका, गादीवर किंवा बॅगेत ठेवून तर नकोच, फरशीवर लावा. बॅगेतून नेताना टर्मिनलवर ते प्लॅस्टिकचं झाकण हवं, हरवलं असेल तर चिकटपट्टी चालेल, किल्ल्या आणि चिल्लर असलेल्या कप्प्यात सुटी टाकू नका. कॅमेऱ्यातून काढताना बॅटरी अडकायला लागली तर ती फुगली आहे, त्या दिवसापासून तिचं काम संपलं. टाचणी मारून हवा काढणारे महात्मे मी पाहिले आहेत. त्यांना नमस्कार.

आणि संपलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत माल दाबतात, आणि त्याच्या आधी तो हाताने वेगळा करणाऱ्या ताई असतात. टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. आमच्या सोसायटीत ई-कचरा नेणारे वर्षातून दोनदा येतात, पुढची फेरी दिवाळीच्या आधी आहे. तोपर्यंत माझी ती तेराशेची जोडी, एक उघडलेली आणि एक आख्खी, बाल्कनीत पत्र्याच्या डब्यात वाळूखाली पडून आहे. आईने विचारलं डब्यात काय आहे, तर सांगितलं, तुळशीसाठी वाळू आणलीय.